बोटांवरचं शास्त्र

बिबवेवाडीच्या दशरथ साळव्यांना पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, तोंडपाठ नव्हतं, पण बोटपाठ होतं. चर्चच्या मंडळीच्या वार्षिक स्पर्धेत पाळकसाहेब पुस्तकाचं नाव, अध्याय आणि ओवीचा आकडा पुकारत, आणि बाकीचे पानं चाळेपर्यंत दशरथराव उभं राहून वाचूही लागलेले असत. फिरती ढाल त्यांच्या शोकेसमध्ये इतकी वर्षं मुक्कामाला होती, की ती फिरते हे लोक विसरलेच होते.

आकुर्डीच्या कारखान्यात नवी यंत्रं आली आणि दशरथरावांना मुदतीआधीच निवृत्ती घ्यावी लागली. तेव्हापासून त्यांना मिरवायला ही ढालच तेवढी उरली होती. आणि आता मंडळीत सलिल आला होता. हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये काम करणारा, की-बोर्डवर तयार झालेल्या बोटांचा.

मग काय, रोज सकाळी सराव. सरोजिनीबाई भाजी निवडता निवडता ओव्या पुकारायच्या, नवरा पानं उलटायचा. बाईंचं स्वतःचं शास्त्र मात्र आठवडाभर एकाच पानावर उघडं.

"अजून त्याच स्तोत्रावर? काय, मुक्काम ठोकलास?"

"अहो, तुम्ही पोस्टमन आहात," बाई शेंगेचा दोरा काढत म्हणाल्या. "पत्ते सगळे पाठ. पत्र एकही उघडलेलं नाही."

दशरथरावांना ते झोंबलं. त्या रागातच त्यांनी स्कूटरला किक मारली. किक उलटी बसली, तोल गेला, आणि पडताना उजव्या हाताचा अंगठा दुखावला. डॉक्टरांनी तो पट्टीत बांधून ठेवला. घरी आल्यावर आपलं शास्त्र पुढे ओढून त्यांनी डाव्या हाताने सराव करून पाहिला. एक पान उलटायचं तर पाच उलटायची. शेवटी वैतागून त्यांनी ते मिटलं.

बाई भगिनी मंडळाला गेल्या. टेबलावर त्यांचं ते उघडं पान. करायला दुसरं काही नव्हतं म्हणून दशरथरावांनी वाचलं. इवलंसं स्तोत्र, लगेच संपलं. पुन्हा वाचलं. दूध तुटलेलं लेकरू आईपाशी कसं शांत असतं, असं काहीसं त्यात होतं. त्यांना आपली धाकटी आठवली. दूध तुटल्यावरही ती आईच्या मांडीवर येऊन बसायची. मागायची काहीच नाही, नुसती बसायची. आणि आपण? देवापुढे जाऊन बसलो ते कायम अर्ज घेऊनच. नोकरी टिकू दे, ढाल राहू दे. नुसते असे कधी बसलोच नाही. दशरथरावांना एकटेच असताना हसू फुटलं. मग डोळे भरून आले. मग पुन्हा हसू. बाई परतल्या तेव्हा गॅसवर चहा आटून काळा झाला होता आणि नवरा त्याच पानावर होता.

"मुक्काम वाटतं?" बाईंनी विचारलं.

"चहा दुसरा टाक," एवढंच ते म्हणाले.

स्पर्धेपर्यंत अंगठा बरा झाला. सराव मात्र बुडाला तो बुडालाच. ढाल जाणार या विचाराने आदल्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही, हेही खरं.

शेवटपर्यंत दोघे बरोबरीत राहिले. पाळकसाहेबांनी अखेरची ओवी पुकारली, एका संदेष्ट्याच्या छोट्याशा पुस्तकातली. दशरथरावांची बोटं क्षणात तिथं पोचली. ती पूर्वीही कितीदा पोचली होती. नजर खाली गेली. अंजिराला बहर नाही, गोठ्यात गुरं नाहीत, आणि तरी हा माणूस आनंद करतोय! गुरं नसताना? कारखाना गेल्यावर आपण तर घरात कुणाशी धड बोललोही नव्हतो. ते पुढे वाचू लागले. मग मागे जाऊन पुन्हा पहिल्यापासून.

टाळ्या वाजल्या तेव्हा त्यांनी मान वर केली. सलिल उभा होता. ढाल घेऊन तो थेट त्यांच्याकडे आला.

"काका, आज सापडलं नाही?"

"सापडलं की. तुझ्याआधी."

"मग उभे का नाही राहिलात?"

"वाचत होतो रे," दशरथराव म्हणाले, आणि बोट ठेवलेल्या ओळीकडे परत वळले.

शेजारच्या बाकावर बसलेल्या सरोजिनीबाईंनी, संसारात बहुधा पहिल्यांदाच, हाताशी आलेला टोमणा सोडून दिला.