बिनमिठाची मिरची

दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी भाजीबाजारात उकिडवा बसून मिरच्या निवडत होतो. पोपटी, जाड सालीच्या, ताज्या देठाच्या. "अहो, एकदा नीट करून द्या आक्काला. मीठ घालून," असं माझी बायको मंगल सकाळी म्हणाली होती, आणि मीही हट्ट सोडून उठलो होतो. फोनवरची नर्स म्हणाली, "तुम्ही लगेच या." मी विचारलं, "का? डायलिसिस संपलं का?" तर पुन्हा तेच, लगेच या. पिशवी कुठे टाकली, गाडी कशी चालवली, देव जाणे. पोचलो तेव्हा आक्काच्या अंगावरची चादर अगदी नीट ओढलेली होती. आक्का जिवंतपणी अशी नीट कधी झोपली नाही. सारखी चुळबुळ, सारखी पायानं चादर लाथाडायची... मी त्या चादरीकडेच बघत राहिलो. तोंडाकडे बघायची हिंमत होईना.

आक्का माझी थोरली बहीण. आमचं गाव सटाण्याकडचं, बागलाणातलं. ती लग्न करून नाशिकला सातपूरला आली आणि नव्वद-एक्क्याण्णवच्या सुमारास मी तिच्याकडे आयटीआय करायला आलो. एक खोली, त्यात ती, दाजी, तिचं शिलाई मशीन आणि वर मी. पहिल्याच रविवारी तिनं मिरचीची भाजी केली. पुण्या-मुंबईकडच्या माणसाला हे सांगितलं की तो म्हणतो, मिरची भाजीत घालतात हो, मिरचीची भाजी कसली? आमच्याकडे मिरचीच भाजी असते. पावभर मिरच्या, तूरडाळ, एखादं वांगं, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, लसूण, सगळं एकत्र शिजवायचं, मग रवीनं घोटायचं, दंडात गोळे येईपर्यंत घोटायचं, आणि वरून लसूण-जिऱ्याची चरचरीत फोडणी. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडीद एकत्र दळलेल्या पिठाची भाकरी. फोडणी पडली की अख्ख्या चाळीला ठसका लागायचा. शेजारच्या काकू दारातून ओरडायच्या, "सुमनबाई, मारता काय आम्हाला!" आणि आक्का आतून ओरडायची, "वाटी घेऊन या, मग मरा!"

तिचा एक नियम होता, आमच्या आईकडून आलेला. ज्यानं भाजी केली त्यानं पहिला घास सगळ्यांच्या समोर खायचा, आणि तोंड वाकडं न करता खायचा. मिरची कधी कशी निघेल सांगता येत नाही ना! दुसऱ्याच्या पोटात आग लावायच्या आधी आपल्या पोटात लावून बघा, असा तो हिशेब. आक्का घास घ्यायची, डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि म्हणायची, "हां, जमली. बसा." मग आम्ही बसायचो. त्या घासावर आमचा इतका विश्वास की कोणी विचारायचं नाही, तिखट आहे का म्हणून.

दाजी गेले त्यानंतर ती माझ्याकडे राहायला आली. मूलबाळ नव्हतं. मशीन घेऊन आली, माझ्या घरातला खिडकीजवळचा कोपरा घेतला, आणि मंगलला तीन महिन्यांत मिरची खायला शिकवलं. मंगल पंचवटीतली, वरणात गूळ घालणारी. तिलाही आक्कानं बिघडवलं. चांगली सहा-सात वर्षं गेली अशी. मग तिचे पाय सुजायला लागले. आम्ही म्हटलं मशीन चालवून सुजले असतील. गाढव आम्ही. तपासण्या झाल्या तेव्हा डॉक्टर म्हणाले, दोन्ही किडन्या गेल्यात.

माझी किडनी जुळत होती. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनपर्यंत यांना नीट सांभाळा, पथ्य मोडू देऊ नका. बस्स, मी ते डोक्यात धरलं. मीठ बंद. डाळ, शेंगदाणे, खोबरं बंद. भाजी दोनदा उकळायची, पाणी फेकून द्यायचं. प्यायला पाणी मापानं, दिवसाचं एका बाटलीत भरून ठेवायचो आणि बाटलीवर पेननं रेघा मारायचो. मी घरातला हवालदार झालो. आक्कानं एकदा मंगलकडून लोणच्याची फोड मागून घेतली तर मी दोघींवर इतका ओरडलो की शेजारी आले. "मरायचंय का तुला?" मी म्हणालो. आजारपणात ती अहिराणीवर यायची. शांतपणे म्हणाली, "मराले लोणचं लागस का रे भाऊ?"

मग तिनं ती भाजी मागायला सुरुवात केली. रोज. डायलिसिसहून आली की उशाला टेकून बसायची आणि मी समोर दिसलो की सुरू. मी म्हणायचो, दोन महिने कळ काढ, माझी किडनी बसली की तुला घमेलंभर करून घालतो. एकदा चिडून म्हणाली, "माले तुनी किडनी नको. तुना हातनी मिरचीनी भाजी दे." मी उठून बाहेर गेलो. रस्त्यावर उभं राहून रडलो, आणि तरी दिली नाही. मला ती जगायला हवी होती हो! दुसरं काही मला कळतच नव्हतं.

शेवटी मी अक्कल चालवली. मिरच्या दोनदा उकळून पाणी फेकलं, वांगंही तसंच. डाळ नाही, दाणे नाहीत, खोबरं नाही, मीठ नाही. दोन पाकळ्या लसूण आणि चमचाभर तेल. घोटून घोटून हिरवा लगदा केला आणि ताटलीत तिच्यापुढे नेला. तिचे डोळे असे चमकले... मग म्हणाली, "पहिला घास तू." नियम म्हणजे नियम. मी घास घेतला. चोथा होता नुसता, ओल्या कागदाचा असावा तसा. आणि मी, आईच्या त्या नियमाखाली वाढलेला माणूस, तोंड वाकडं न करता म्हणालो, "हां, जमली." आक्कानं माझ्याकडे बघितलं. एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला. "मस्त झाली रे," म्हणाली. त्यानंतर तिनं भाजी पुन्हा कधी मागितली नाही. मला वाटलं, चला, जिंकलो. ऑफिसात चार जणांना सांगितलं मी, कशी युक्ती केली ते.

त्या शेवटच्या सकाळी आक्काला दवाखान्यात सोडून घरी आलो तेव्हा मंगलनं तोंड उघडलं. मी ती भाजी केली त्याच दिवशी आक्का तिला म्हणाली होती, "भाजीत काहीच नव्हतं ग. मीठसुद्धा नव्हतं. त्याला सांगू नको, त्यानं लई जीव लावून केली होती." मंगलनं दहा दिवस ते पोटात ठेवलं होतं. मी चपला घातल्या आणि तडक बाजारात गेलो. पुढचं सांगितलंच.

दहाव्याच्या दिवशी सकाळी मी भाजी केली. डाळ, दाणे, खोबरं, मीठ, सगळं घातलं. हात भरून येईपर्यंत घोटली, पहिला घास मंगलसमोर खाल्ला, डबा भरला आणि गोदाकाठी घेऊन गेलो. मला खात्री होती, कावळा शिवणार नाही. कसा शिवेल? आक्काची इच्छा राहिली होती आणि ती मीच राहू दिली होती. लोक म्हणतील, काय राहिलं असेल हो हिचं? तेव्हा मी डबा उघडणार होतो. सगळ्यांच्या देखत. पण पिंड ठेवून गुरुजी बाजूला होतात न होतात तोच एक कावळा उतरला आणि त्यानं सरळ भाताला चोच मारली. अळणी भात. "सुटली बिचारी," मामा म्हणाले. "काही इच्छा नव्हती हो मागे," कोणीतरी म्हणालं. सगळ्यांना बरं वाटलं. डबा माझ्या मांडीवर होता, अजून गरम होता.

मंडळी पांगली. मी पत्रावळीवर भाकरी कुस्करली, भाजी ओतली आणि लांब जाऊन उभा राहिलो. कावळे होते की, कठड्यावर होते, दुसऱ्यांच्या पिंडांवर होते. आमच्या पानाकडे एकही फिरकेना. ऊन चढलं, भाजीवर साय धरली. मंगल माझा हात ओढत होती, "अहो, चला ना आता. येऊन गेला तो." मी ऐकेना. दहा माणसांनी वळून बघितलं इतक्या मोठ्यानं ओरडलो मी, "आक्का, मीठ घातलंय ग! या वेळी घातलंय..."