सिलोनच्या बाईचं अभिनंदन

पंचायतीचे किस्से गोखरूसारखे असतात. मुद्दाम कोणी गोळा करत नाही. घरी येऊन लुगडं झटकलं की दिसतं, अरे, हे किती चिकटले! त्यातले थोडे सांगते.

आमचं गाव बोरी अरबच्या पलीकडे. पंचायतीत बायांच्या दोन जागा होत्या. एक मी, चौथी पास. दुसरी तांड्यावरची सोनीबाई. सरपंच नात्यानं माझे चुलत दीर.

सभेला बायांनी यायचं नसतं, असा रिवाज. सभा झाली की कोतवाल रजिस्टर घेऊन घरी यायचा. सोनीबाई अंगठा द्यायची, मी सही करायची. एकदा मी वाचायला बसले, तर सरपंच दारातूनच म्हणाले, "वैनी, तुमी सही करा. वाचाचं काम आमचं."

तरी मी वाचलंच. तांड्याच्या विहिरीचा विषय दोन वर्षं 'पुढील सभेत' निघत होता. त्या दोन वर्षांत तांड्याच्या बाया मैलभर लांब नाल्यात झिरे उकरून पाणी आणत होत्या. सोनीबाईची सून पोटुशी असताना तिथल्या दरडीवरून घागरीसकट पडली. लेकरू वाचलं, तिचा पाय मात्र कायमचा अधू झाला.

*

म्हणून आम्ही दोघी सभेला जायला लागलो. पहिल्या दिवशी दाराजवळ पोतं अंथरून ठेवलेलं. खुर्च्या पाचच आहेत म्हणे.

पुढच्या सभेला आम्ही माझ्या घरची बाज उचलून नेली, पंचायतीच्या मधोमध टाकली आणि वर बसलो.

सरपंच म्हणाले, "वैनी, सभेत बाज?"

"निजाची सोय पाह्यजे ना भाऊजी. तुमी बोलाले लागले की लागते."

*

पंचायतीचा रेडिओ संध्याकाळी ओट्यावर लागायचा. आमच्या हेडमास्तरांना सिलोनचं भारी वेड. ते तिथं कधी गेले नव्हते, पण शाळेतल्या नकाशावर ते बेट त्यांच्या बोटानं पार पुसून गेलं होतं. एवढंसं बेट आणि माणसं पाहा कशी, हे त्यांचं पालुपद.

तिथला एक जण समुद्र पोहून हिंदुस्थानच्या काठाला लागला, असं त्यांनी सांगितलं. सोनीबाई म्हणाली, "मंग रामानं कायले एवढे गोटे टाकले?"

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी आणखी एक काढला. सिलोनचाच गडी, अडथळ्यांच्या शर्यतीत धावला आणि साऱ्या जगातून दुसरा आला. चांदीचं मेडल मिळालं. अडथळे कसे असतात, तेही मास्तरांनी धोतर सावरत ओट्यावरून उडी मारून दाखवलं.

सोनीबाईनं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्याच्या डोक्यावर घागर होती का?"



*

मग एका पावसाळ्यात रेडिओनंच सांगितलं, सिलोनात एक बाई पंतप्रधान झाली. जगात पहिलीच!

ओट्यावर चर्चा सुरू. सरपंच म्हणाले, त्यात बाईचं काय कर्तब? नवरा मेला म्हणून लोकांनी तिला खुर्चीवर बसवली.

मी म्हटलं, "माह्या नवऱ्याले जाऊन नऊ वर्षं झाली. मले तर तुमी पोतं देलं."

मास्तर एवढे हसले की त्यांना ठसका लागला. सरपंचही हसले. माणूस वाईट नव्हता, त्याला फक्त ऐकायची सवय नव्हती.

*

पुढच्या सभेत मी उठून म्हटलं, सिलोनच्या बाईचं अभिनंदन करायचा ठराव घ्या. सगळे खूश. अभिनंदनाला पैसा लागत नाही, जमीन लागत नाही. डवऱ्याचे, तण काढायचे दिवस, प्रत्येकाला वावराची घाई. सेक्रेटरीनं दौत पुढं ओढली, तशी मी त्याच्या हातातून टाक घेतला.

"अभिनंदन बाईचं हाये. लिहीन बाईच."

सगळे हसले. मी लिहिलं, पहिल्या ओळीत अभिनंदन आणि खाली आणखी तीन ओळी. माझं अक्षर मोठं, वेळ लागला. तोवर निम्मे जण जोडे घालून उभे होते. भराभर सह्या झाल्या. सोनीबाईनं शेवटी अंगठा दिला, जरा जोरातच. नक्कल मास्तरांनी केली आणि सेक्रेटरीनं ती दुसऱ्या कागदांबरोबर न वाचताच ब्लॉकच्या ऑफिसात धाडली.

महिन्याभरानं तिकडून कागद आला. सरपंच तो घेऊन माझ्या अंगणात आले.

"वैनी, हे काय लिहून ठेवलं? 'या आनंदाप्रीत्यर्थ तांड्यावर विहीर खोदण्यास एकमताने मंजुरी'?"

"खाली तुमचीच सही हाये ना?"

"अभिनंदनाचा ठराव कोण वाचते!"

"मी दोन वर्षं बिनवाचता सह्या केल्या, भाऊजी. मोडाचा असन तर मोडा ठराव. कारण मात्र लिहा, सरपंचानं न वाचता सही केली."

ते बाजेवर बसले, तीच बाज. पाणी मागितलं. मी दिलं. तांब्या रिकामा करून खाली ठेवला. मग विचारलं, "सोनीबाईची सून आता कशी हाये?"

पुढच्या सभेत विहिरीची जागा त्यांनीच दाखवली.

*

दोन उन्हाळे गेले. ब्लॉकचा एक नवा साहेब तांड्याची नवी विहीर पाहायला जीपमधून निघाला होता. मी मागे बसलेली, वाट दाखवायला. तांड्याजवळ सोनीबाईची सून कमरेवर रिकामी घागर घेऊन, पाय ओढत चाललेली दिसली. साहेबानं जीप थांबवली.

"कुठे निघालात बाई?"

"सिलोनले."

साहेबानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्या पायाकडे. "चालत?"

"हो जी," ती म्हणाली. "आता जवळच हाये."