राखीव खुर्ची

आदिवासी विद्यार्थ्यांच्या आईवडिलांना विद्यापीठात बोलवायचं, त्यांचं स्वागत करायचं, ही कल्पना माझीच. घरोघरी पत्रं, चहा, बसायची सोय, सगळं मी यादी करून पार पाडलं होतं.

बोरिवलीच्या जंगलातल्या पाड्यावरून एका मुलीचे वडील सर्वांत आधी आले. घडीचा पांढरा शर्ट, वरचं बटणही लावलेलं. सभागृहभर नजर फिरवून ते सरळ पहिल्या रांगेत बसले. तिथे प्रमुख पाहुण्यांसाठी मी 'राखीव' असे कागद चिकटवले होते.

"काका, इथे नाही. मागे बसा."

"ही आमचीच ना, मॅडम?" कागदावर बोट ठेवून ते म्हणाले. "पोरीचा नंबर राखीवमधनंच लागला."

मागची मुलं खदाखदा हसली. "बरोबर आहे यार, काकांचा कोटा आहे!"

मी त्यांना बसू द्यायला हवं होतं. पण पाहुण्यांची गाडी फाटकात आली होती. मी पुन्हा मागे बोट दाखवलं. ते उठले, रुमालाने खुर्ची नीट पुसली आणि थेट बाहेर गेले.

मुलगी दारातच उभी होती. दुसऱ्या दिवशी ऑफिसात येऊन म्हणाली, "मॅडम, आमच्या घरी परत पत्र पाठवू नका."

मी तिच्यासमोरच पत्ता खोडला.