टॉन्सिलांचे गाऱ्हाणे

टॉन्सिल सगळ्याच माणसांना असतात, पण टॉन्सिलांना जर एखादा माणूस असेल, तर तो म्हणजे माझे भावोजी. पेडण्याकडे पार्से गावात माझ्या थोरल्या बहिणीचे घर आहे आणि त्या घरात ताई, भावोजी आणि भावोजींचे दोन टॉन्सिल असे चौघे वीस वर्षे नांदत होते. मी डिचोलीहून केव्हाही गेलो तरी ताई विचारायची, "चाय ठेवू मरे?" आणि तिच्या पाठोपाठ भावोजी विचारायचे, "मोबायलाची बत्ती आसा मा?" मग चहाच्या आधी मला जनेलापाशी, म्हणजे खिडकीच्या उजेडात नेले जाई आणि माझ्यासमोर भला मोठा आ वासला जाई. "सांग बघू, उजवो चड सुजला काय डावो?" मी पंचायतीतला कारकून, जन्माचे दाखले देणारा. गळ्याच्या आत बघून मला काय कळणार? पण "काही दिसत नाही" म्हटले की त्यांना अपमान वाटायचा, आणि "उजवा" म्हटले की ते खट्टू व्हायचे, कारण त्यांचा सगळा राग डाव्यावर होता. एका लग्नात त्यांनी जेवणाच्या पंगतीत शेजारच्या अनोळखी गृहस्थांना गळा दाखवला. ते बिचारे पानातली खतखत्याची भाजी तशीच टाकून उठले.

शेजारच्या तुये गावातल्या कारखान्यात ते सुपरवायझर. रजेच्या अर्जाच्या त्यांनी झेरॉक्स प्रतीच काढून ठेवल्या होत्या. "गळा सुजल्यामुळे" आधीच छापलेले, फक्त तारीख घालायची बाकी. सकाळी मागच्या दारी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सुरू झाल्या की शेजारीण पोरांना शाळेसाठी उठवी. उपायांत त्यांनी कसलाही भेदभाव केला नाही. हळद, कात, ज्येष्ठमध सगळे झाले. मग कोणीतरी सांगितले म्हणून वाड्यावरच्या एका म्हातारीकडे गेले. अंगठ्याला हळद लावून ती घशाच्या गाठी दाबते म्हणे. तिने दाबल्या आणि भावोजींनी तिचा अंगठा चावला. म्हातारी पुढे महिनाभर येणाऱ्याजाणाऱ्याला अंगठा दाखवत असे आणि भावोजी गळा. बरे, पथ्य पाळावे, तर तेही नाही. काजूच्या हंगामात बोंडांचा थंडगार रस, निरो, समोर आला की हा माणूस बर्फ घालून तीन ग्लास रिचवणार, दुसऱ्या दिवशी तापाने फणफणणार आणि मला फोन करून घोगऱ्या आवाजात सांगणार, "हवा बदलली रे."

शेवटी म्हापशाच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, की वर्षाला सहा-सात वेळा ताप येतो, दुखणे आता औषधांनाही दाद देत नाही, तेव्हा टॉन्सिल काढून टाकलेले बरे. भावोजींनी विचारले, "काढून खय ठेयतल्यात?" डॉक्टर हसले. मग भावोजींनी खरा प्रश्न विचारला, "आनी आवाज?" डॉक्टर म्हणाले, की थोडे दिवस वेगळा वाटेल, क्वचित थोडा बदललेला राहतोही. भावोजींनी त्यातला 'क्वचित' तेवढा उचलला. क्वचित म्हणजे आपणच, असा त्यांचा ठाम समज होता.

यात मात्र मी त्यांना हसू शकलो नाही. कारण भावोजी गावाचे गाऱ्हाणे घालतात. नवी गाडी आली, लग्न ठरले, कोणाची पोर परीक्षेला बसली, की देवळात नारळ ठेवून देवाशी बोलायला गावाला भावोजी लागतात. "बा देवा म्हाराजा!" असे ते म्हणाले की बाहेर तुळशीपाशी बसलेला कुत्रासुद्धा उठून उभा राहतो, आणि मागून सगळे म्हणतात, "व्हय म्हाराजा!" तो आवाज गेला तर कारखान्यातला एक सुपरवायझर तेवढा उरेल, आणि तसे तर कारखान्यात आणखी सहा आहेत.

मग त्यांनी ठरवले, की देवालाच विचारायचे. आमच्याकडे प्रसाद लावतात. मूर्तीला दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि मनातले विचारायचे. उजवी पाकळी पडली तर हो, डावी पडली तर नको. प्रश्न भावोजींनी स्वतःच घातला, आणि तिथेच घोटाळा झाला. "बा देवा म्हाराजा, ऑपरेशन करू काय नको, करूचा तर म्हापशाक काय पणजेक, काजू सरल्यार काय चवथ जाल्यार, आनी दोनूय काढू काय डावोच तेवढो?" तासभर एकही पाकळी हलली नाही. भटजी घामाघूम झाले. "आरे, देवाक एका टायमाक एकच इचारूचा. हो काय सरकारी फॉर्म?" असे म्हणून त्यांनी पाकळ्या काढून घेतल्या. भावोजी मात्र घरी आले ते खुशीत. देव विचार करतो आहे, आपण घाई करायची नाही, असा त्यांनी निकाल लावून टाकला आणि पुढचे दोन महिने निरो प्याले.

त्यानंतर जो ताप आला तो साधा नव्हता. गळा असा सुजला, की पाण्याचा घोट उतरेना. चार दिवस इस्पितळात सलाईन लावले. ताई कुलेरीने, चमच्याचमच्याने पेज भरवायची आणि ती ओठावरून परत यायची. मी भेटायला गेलो त्या दिवशी मला कोणी बत्ती मागितली नाही आणि मी पहिल्यांदा घाबरलो.

घरी आणल्यावर ते खुणेने म्हणाले, देवळात चला. पुन्हा पाकळ्या लागल्या. दहा-पंधरा माणसे जमली. प्रत्येकाचे काही ना काही गाऱ्हाणे भावोजींनी कधीतरी घातलेले. भावोजींनी हात जोडले, तोंड उघडले, आणि आवाजच फुटला नाही. पुन्हा प्रयत्न केला. नुसती हवा आली. सगळ्या गावासाठी बोललेला माणूस स्वतःच्या वेळी मुका उभा होता. आम्ही पुरुषमंडळी एकमेकांकडे बघत राहिलो. एवढी वर्षे त्यांनाच बोलू दिल्यावर आम्हाला काय येणार?

तेवढ्यात मागून ताई पुढे आली. देवळात तिने आजवर 'व्हय म्हाराजा'सुद्धा पुटपुटल्यासारखेच म्हटलेले. ती मूर्तीकडे बघून म्हणाली, "देवा, माका गाराणा घालूक येणा नाय. ऑपरेशन करतंव. आवाज गेलो तरी चलात. माणूस माका व्हयो." बस, एवढेच. मी भावोजींकडे पाहिले. त्यांचे ओठ हलत होते. आवाज नव्हता, पण पहिले 'व्हय म्हाराजा' त्यांनीच म्हटले. मागोमाग आम्ही सगळे म्हणालो, आणि उजवी पाकळी टपकन पडली.

ऑपरेशन नीट झाले. डॉक्टरांनी आइस्क्रीम खायला सांगितले, तेव्हा वीस वर्षे चोरून खाल्लेले आइस्क्रीम भावोजींनी औषधासारखे तोंड वाकडे करून खाल्ले. बोलायला बंदी होती म्हणून ते पाटीवर लिहायचे, तेही जमेल तेवढे लांबलचक. आवाज परत आला, पण किंचित बारीक. कुत्रा आता उठत नाही, कान तेवढे टवकारतो.

परवा पार्श्याला गेलो होतो. सवयीने मीच मोबाईलची बत्ती काढली. भावोजी हसले, "आता थंय कोण नाय रे." त्या घरातले दोघे कमी झाले याचे मला उगीच वाईट वाटले. संध्याकाळी देवळात कोणाच्या तरी नव्या रिक्षाचे गाऱ्हाणे होते. भावोजींनी ते थोडक्यात आटपले आणि शेवटी, पूर्वी कधी नसे ते एक वाक्य जोडले. "आनी जेंका बोलूक येणा नाय, तेंचाय आयक, म्हाराजा." आम्ही सगळे नेहमीसारखे ओरडलो. पण सगळ्यांच्या आधी, बायकांच्या रांगेतून, ताईचे 'व्हय म्हाराजा' खणखणीत ऐकू आले.