ग्लूमी दिवस

संस्थानी काळात मी भोरला इंग्रजी शिकवत असे. एकदा ‘ग्लूमी’ हा शब्द आला. अंधारलेला, उदास, खिन्न असे अर्थ सांगून मी वाक्यं करायला लावली. पासलीच्या एका विद्यार्थ्यानं लिहिलं, ‘आज दिवस ग्लूमी आहे, म्हणून आई खुशीत आहे.’ मी संतापून लाल शाईनं शेरा मारला, ‘मूर्ख!’

आषाढात तो शाळेत येईना, म्हणून मी पासलीला गेलो. आभाळ झाकोळलं होतं. त्याची आई गाणं म्हणत भाताची लावणी करत होती. एवढ्यात लख्ख ऊन पडलं. गाणं थांबलं.

“दिस नासला, मास्तर,” ती म्हणाली. “उनानं रोप मान टाकतंय.”

शेरा बरोबरच होता. वही तेवढी चुकली होती.