झाडाखालचा खड्डा

नीलांबरी सोमणला मुळात बर्फाचीच भीती. नागपूरच्या उन्हात वाढलेली बाई. लग्नानंतर अमेरिकेत, ओहायोतल्या डब्लिनला आली, फार्मसीत नोकरी धरली आणि पहिले दहा हिवाळे घर ते गाडी एवढाच बर्फ तुडवला. स्कीइंग शिकली ती पन्नाशीला टेकल्यावर, लेकीसाठी. केया कॉलेजातून घरी आली की जेवणापुरतंच बोलायची. डोंगरावर मात्र लिफ्टच्या खुर्चीत शेजारी बसली की भडाभडा बोलायची.

त्या फेब्रुवारीत दोघी युटाला गेल्या. भरपूर ताजा बर्फ पडला होता. केया म्हणाली, आई, तू उतारावरून ये, मी झाडांमधून येते. खाली पाटीपाशी भेटू.

नीलांबरी घाबरत घाबरत पाटीपाशी पोचली. केया नव्हती. हाकांना ओ नव्हती. फोन वाजत राहिला, कुणी उचलला नाही. स्की काढून ती मांडीभर बर्फातून वर चढू लागली.

सूचिपर्णी फरच्या एका झाडाशी केयाची निळी स्की दिसली. टोक आभाळाकडे. हलत नव्हती.

खालच्या फांद्यांच्या आडोशाने बुंध्याभोवती पोकळी राहते, हे तिला स्कीच्या क्लासमध्ये सांगितलं होतं. केया त्यात डोक्यावर पडली होती आणि वरून बर्फ कोसळला होता. पाय धरून ओढावं असं वाटलं. पण आधी तोंड मोकळं करायचं, एवढं तिला आठवलं. मदतीसाठी ओरडत ती बाजूने हातांनी उकरत सुटली. एक हातमोजा कुठे गेला, कळलंही नाही. हेल्मेट लागलं, मग हनुवटी. तोंडातला बर्फ तिने बोटाने काढला. ओठ निळे पडले होते.

"केया, श्वास घे. बाळा, श्वास घे."

काहीच नाही. आपण गेलेल्या मुलीशी बोलतोय, असं तिच्या मनात आलं. तरी ती बोलत राहिली.

मग खोकला आला. बऱ्याच वेळाने शब्द.

"आई, डोन्ट लेट गो."

ओरडणं ऐकून उतारावरचा एक माणूस धावत आला, त्याने स्की पेट्रोलला, डोंगरावरच्या बचाव पथकाला बोलावलं. गुडघा मुरगळण्यावर निभावलं. फार तर दहा मिनिटं गेली असतील, असं पेट्रोलवाले म्हणाले. नीलांबरीला ते अजून खरं वाटत नाही.

केयाने फोन उचलायला उशीर केला, की फार्मसीच्या काउंटरमागे तिचे हात आजही गार पडतात. पुढच्या हिवाळ्यात केयाने भीत भीत विचारलं, जाऊया का? नीलांबरी गेली. दिवसभर उघड्या उतारावर राहिली, लेकीच्या पाठीवरून नजर न हलवता.