घड्याळकाकांची वीस मिनिटं

आमच्या पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत चौघांत मिळून एक कॉम्प्युटर. चौघांत घड्याळकाका सर्वांत जुने. सत्तावीस वर्षांत एकदाही उशीर नाही, हे ते दिवसातून दोनदा तरी ऐकवायचे. मी रोज धापा टाकत पोचणारी, त्यामुळे मला त्याचा भारी वैताग यायचा.

मंगळवारी सकाळी त्यांना दिसलं, की कॉम्प्युटर साडेतीन तास मागे आहे. कोणाला न विचारता त्यांनी मनगटावरचं घड्याळ बघून वेळ पुढे सरकवली. माझी नोंद अर्धवट उघडी होती. तासापूर्वी ठेवलेली बाटली एकदम साडेचार तासांची झाली. मला वाटलं, माझंच डोकं फिरलं.

बुधवारी कॉम्प्युटरवाली बाई आली. "काका, घड्याळ बरोबरच होतं. त्यात देश चुकीचा निवडलेला होता, म्हणून ते तिथली वेळ दाखवत होतं."

"वेळ चुकलेली आणि घड्याळ बरोबर? हे काय गौडबंगाल?" काकांना तीनदा समजावूनही कळेना. मी मान डोलावली, पण मलाही कळलं नव्हतं.

तिने सगळ्यांना आपापलं काम साठवून बाहेर पडायला लावलं, देश बदलला, वेळ नेटवरून घ्यायला लावली. दोन मिनिटांचं काम. काकांनी लावलेली वेळ कितीने चुकत होती, हे आधी लिहून ठेवायचं मात्र सगळेच विसरलो.

तिथेच शाळेच्या बंद ठेवलेल्या टाकीचा नमुना अडकला. तो उबेच्या कपाटात पूर्ण चोवीस तास राहायला हवा. सोमवारी ठेवल्याची वेळ साडेतीन तास मिळवून कळली. मंगळवारी काढल्याची वेळ काकांनी लावलेल्या घड्याळाची. मधे चोवीस तास पाच मिनिटं. पाणी चांगलं निघालं होतं; अहवाल गेला तर टाकी आजच उघडणार होती, नाहीतर पोरांना आणखी दोन दिवस पाणी घरून न्यावं लागणार होतं.

"तुमचं घड्याळ बरोबर आहे ना?" साहेबांनी काकांना विचारलं.

"दहा मिनिटं पुढे असतं. आमची ही ठेवते, बस चुकू नये म्हणून. पण मी दहा वजा करूनच वेळ लावली."

बाईने मोबाइल शेजारी धरला. घड्याळ वीस मिनिटं पुढे होतं.

काकांनी सगळ्यांसमोर स्पीकरवर घरी फोन लावला. "अगं, घड्याळ आणखी पुढे केलंस का? आज सकाळीच ना?"

"आज कुठलं? दोन वर्षं झाली," काकू म्हणाल्या. "तुम्ही दहा वजा करायला लागलात, म्हणून मी वीस केली. नाहीतर रोज बस चुकली असती."

म्हणजे मंगळवारी कॉम्प्युटर दहा मिनिटं पुढे होता, आणि नमुना पाच मिनिटं आधीच बाहेर आला होता. साहेबांनी अहवाल फाडला. एरवी मी पोट धरून हसले असते, पण काकांचा चेहरा बघवेना.

"मी वेळेचा पक्का कधी नव्हतोच तर," ते म्हणाले, आणि शाळेतून नवा नमुना आणायला रिकाम्या बाटल्या पिशवीत भरू लागले.

"द्या काका, घड्याळ लावून देते," बाई म्हणाली.

त्यांनी हात मागे घेतला. "राहू दे. याची वेळ घरून येते."